बेचाळिसाव्या मिनिटापासून पुढे

प्रति,
मा. विशेष चौकशी अधिकारी,
कापूस साठा आग चौकशी कक्ष,
यवतमाळ.

अर्जदार : दीपा नागोराव मनवर, वय ३८, धंदा : लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, मु. निंबझरी, पो. बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ.

विषय : आपल्या चौकशी अहवालातील परिच्छेद ९ दुरुस्त करणेबाबत, तसेच मुद्देमाल क्र. ७ (व्हिडिओ कॅसेट) गावासमोर दाखविणार असल्याची पूर्वसूचना देणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १२ मार्च २००७. २) आपला चौकशी अहवाल दि. ९ एप्रिल २००७. ३) माझा अर्ज दि. २५ जून २००७ व त्यावरील आपले उत्तर दि. ३० ऑगस्ट २००७.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते, की हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिल्या अर्जात मी विनंती केली होती. दुसऱ्यात कळकळीची विनंती केली होती. या अर्जात विनंतीचा भाग कमी आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

२. दि. १३ फेब्रुवारी २००७ रोजी, मंगळवारी सायंकाळी, आमच्या गावाबाहेरील जिनिंगच्या आवारातील कापसाची मोठी गंजी जळाली. गेल्या हंगामात कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर चार-चार दिवस उभ्या राहत होत्या, हे आपल्या कक्षास माहीत आहे. जळालेल्या गंजीत अर्धाअधिक कापूस गावातल्या शेतकऱ्यांचा होता. त्याचे वजन झाले होते, पण काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, मिळायची राहिली होती. काटापट्टी हातात नसली की तो कापूस जिनिंगने घेतलाच नाही असे धरतात. म्हणजे कापूस गेला आणि गेल्याचा कागदही नाही. अशा वेळी गावाला कोणीतरी माणूस हवा असतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. तो माणूस आपण गावाला मिळवून दिला. ते माझे वडील, नागोराव सखाराम मनवर, वय ६४.

३. अहवालाच्या परिच्छेद ९ मध्ये आपण लिहिले आहे की, जिनिंगचा माजी कामगार नागोराव मनवर यास सायंकाळी ठीक ७ वाजून १४ मिनिटांनी गंजीजवळ जळती बिडी हाती असताना साक्षीदाराने पाहिले. साक्षीदार म्हणजे जिनिंगचा राखणदार उकंडा. त्याचा जबाब आपण त्याच्याच भाषेत उतरवून घेतला, हे चांगले केले. तो म्हणतो, "अंधार होता, चेहरा नाई दिसला. पन दोन बोटं नसलेला हात म्या वयखला. घड्याळात पाह्यलं तं सात चौदा झालते." माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटे नाहीत, हे खरे आहे. ती याच जिनिंगच्या रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, एकोणीस वर्षांपूर्वी गेली. त्यांनी बावीस वर्षे तिथे काम केले. बोटे गेल्यानंतरची सहा वर्षेही त्यात आली. ज्या हाताने जिनिंगचे काम केले, तोच हात आता जिनिंगच्या साक्षीदाराला अंधारात ओळखू येतो. चेहरा नाही ओळखू येत. मला याचा राग आहे आणि तो राग मी या अर्जात लपवणार नाही.

४. आता तो हात त्या दिवशी ७ वाजून १४ मिनिटांनी कुठे होता ते सांगते. जिनिंगपासून अडीच किलोमीटरवर, आमच्या घराच्या गच्चीवर, रोहिणी नक्षत्राच्या खाली होता. हे मी तोंडी सांगत नसून त्याचे चित्र आपल्याकडे आठ महिन्यांपासून मुद्देमाल म्हणून पडून आहे.

५. आपणांस नीट कळावे म्हणून माझ्या छंदाबद्दल थोडे लिहिते. मी लग्नाचे शूटिंग करते. चार वर्षांपूर्वी यवतमाळचे युनूसभाई मेकॅनिक यांच्याकडून मी एक काळापांढरा कॅमेरा घेतला. तो कोण्या पतसंस्थेच्या दारावरून उतरवलेला होता. त्याचा गुण असा की, माणसाच्या डोळ्याला मिट्ट काळोख वाटतो तिथेही त्याला दिसते. एकदा मंडपातले लाइट गेले तेव्हा तो वर तोंड करून मंडपाबाहेरच्या टेबलावर तसाच चालू राहिला. घरी येऊन कॅसेट पाहिली तर ताऱ्यांमधून एक ठिपका सरळ चालत निघालेला. वडिलांना दाखवला. त्यांनी तीन वेळा मागे नेऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच टेबल गच्चीवर नेऊन ठेवले.

६. तेव्हापासून आम्ही बापलेक उपग्रह पाहतो. उपग्रह दिवस मावळल्यावर तास-दीड तास चांगले दिसतात. कारण खाली अंधार झालेला असतो आणि इतक्या उंचावर ऊन असते. आमच्या भागात नेमके त्याच वेळी लोडशेडिंग असते. गाव त्या वेळी वीजमंडळाला शिव्या देत असते, आम्ही दोघेच काय ते मनातल्या मनात आभार मानत असू. पद्धत अशी : कॅमेरा मोटरसायकलच्या बॅटरीवर, रेकॉर्डर इन्व्हर्टरवर, शेजारी सेलवरचा रेडिओ. रेडिओवर बातम्यांआधी वेळेचे टोले वाजतात ते कॅसेटवर येतात. तिथून पुढे चित्र मोजत गेले की ठिपका कोणत्या सेकंदाला कोणत्या ताऱ्याजवळून गेला हे दहाव्या हिश्श्यापर्यंत काढता येते. असे आकडे मी दर पंधरवड्याला दारव्ह्याच्या सायबर कॅफेतून सात जणांना ई-मेलने पाठवते. ते सात जण पाच देशांत आहेत, एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, आणि आकड्यांवरून ठिपक्याची वाट आखतात. यात कोणालाही कोणी पगार देत नाही. आपण जबाब घेताना वडिलांना विचारले होते की आकाशात काही दिसत तर नाही, मग पाहता काय. तेव्हा वडिलांनी दिलेले उत्तर जबाबात आलेले नाही, म्हणून इथे नमूद करते : "साहेब, दिसत नाही म्हनूनच तं पाहून राह्यलो."

७. दि. १३ फेब्रुवारीला एका जुन्या अग्निबाणाचा निकामी तुकडा आमच्या डोक्यावरून जाणार होता. कॅमेरा टेबलावर उताणा ठेवला होता. चौकटीत एका अंगाला कृत्तिका, दुसऱ्या अंगाला रोहिणी. तुकडा ७ वाजून १३ मिनिटे ५० सेकंदांनी चौकटीत आला आणि पस्तीस सेकंदांनी बाहेर गेला. वडिलांना एक खोड आहे. ठिपका दिसला की ते हात वर करून दाखवतात, "थो पाय, थो पाय." मी त्यांना किती वेळा बजावले की कॅमेऱ्यावर हात नेऊ नका, पण खोड ती खोड. त्या दिवशी ७ वाजून १४ मिनिटे ८ सेकंदांनी त्यांचा उजवा हात चौकटीत आला. चार सेकंद राहिला. ताऱ्यांवर काळी सावली, अंगठा, दोन बोटे, आणि जिथे आणखी दोन असायला हवीत तिथे कृत्तिकेचे तारे दिसत आहेत. त्याच क्षणी ठिपका त्या रिकाम्या जागेतून गेला. मी त्यांच्यावर ओरडले, तेही कॅसेटवर आहे. माझे चार सेकंदांचे काम त्यांनी बिघडवले होते. आज त्या चार सेकंदांशिवाय माझ्याजवळ दुसरे काही नाही.

८. सदर कॅसेट मी दि. १२ मार्च रोजी अर्जासोबत जमा केली. डब्यावर चिठ्ठी लावली : "पहिली ४१ मिनिटे लग्न. त्यापुढे आकाश." लग्नाच्या धंद्यात लग्नघरच्या पक्षाने न नेलेल्या कॅसेटी पुन्हा वापरतात, कोऱ्या कॅसेटी परवडत नाहीत, हे मी जबाबातही सांगितले होते. आपण अहवालात लिहिले : "मुद्देमाल क्र. ७ ही कॅसेट सुरुवातीपासून अवलोकन केली. तीत एक विवाहसोहळा आढळून आला. सोहळ्यात नागोराव मनवर दिसून येत नाही. सोहळ्यातील व्यक्तींचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध नाही. ४१ मिनिटांनंतर पडदा काळा होऊन त्यावर पांढरे ठिपके दिसतात. कॅसेट खराब असल्याने पुढील भाग पाहण्यात आला नाही." महोदय, आपण हळद पाहिली, मंगलाष्टके पाहिली, जेवणाची पंगत शेवटच्या माणसापर्यंत पाहिली, आणि माझ्या वडिलांची पाळी आली तेव्हा उठलात.

९. दि. २५ जूनच्या अर्जात मी आपणांस बेचाळिसाव्या मिनिटापासून पुढे पाहण्याची कळकळीची विनंती केली. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्यातील हरकती अशा : (अ) चित्राच्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००० व वेळ ००.३१ दिसते, सबब चित्रीकरण घटनेच्या सात वर्षे आधीचे आहे. (आ) अर्जदार शूटिंगवाली असल्याने तिने आवाज मागाहून भरला असण्याची शक्यता आहे. (इ) सदर तारे त्या दिवशी निंबझरी शिवारात हजर होते असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडलेला नाही. (ई) सदर उपग्रहाच्या मालकाचे ना-हरकत पत्र व ओळखीचा पुरावा जोडलेला नाही.

१०. या हरकतींचा खुलासा. (अ) दर वेळी लाइट गेली की, रेकॉर्डर इन्व्हर्टरला जोडेपर्यंत बंद पडतो आणि त्याचे घड्याळ पुन्हा १ जानेवारी २००० पासून सुरू होते. लाइट दिवसातून पाच वेळा जाते. त्या हिशेबाने आमच्या घरात आजही एकविसावे शतक रोज पाच वेळा उजाडते. वीजमंडळाने बिघडवलेल्या घड्याळावर आपण विश्वास ठेवला आणि आकाशावर ठेवला नाही. तो तुकडा कृत्तिका-रोहिणीच्या मधून त्या वाटेने, त्या क्षणी, आमच्याच गच्चीवरून एकदाच गेला. दुसऱ्या दिवशी तो तिथून जात नाही, आदल्या दिवशीही गेला नव्हता. हे माझ्या सांगण्यावर नको, कोणाही खगोलशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडून तपासून घ्यावे. (आ) आवाज मागाहून भरता येतो, मान्य आहे. सनई मी भरतेच. पण ताऱ्यांच्या पुढे हात आणि हाताच्या फटीतून जाणारा ठिपका मागाहून भरण्याइतकी मी मोठी असते तर निंबझरीत पंगती चित्रित करत बसले नसते. (इ) आपल्या हरकतीचा मान ठेवून मी तलाठ्यांकडेही गेले. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि तारे आपल्या सज्जात, म्हणजे हद्दीत, येत नाहीत असे तोंडी कळवले. लेखी द्या म्हटले तर त्यांनी मला चहा दिला. (ई) उपग्रहाच्या मालकाबद्दल : सदर तुकडा ज्या देशाने सोडला त्या देशाचे नाव व राज्यव्यवस्था दोन्ही त्यानंतर बदललेली आहेत. ना-हरकत कोणाकडे मागावी, याचे मार्गदर्शन आपणच करावे.

११. शिवाय एक गोष्ट आपण पाहिलीच नाही. दि. १५ फेब्रुवारी रोजी, म्हणजे वडिलांचे नाव कोणी घेण्याच्या दोन दिवस आधी, मी नेहमीप्रमाणे आकडे ई-मेलने पाठवले. त्यात शेवटी इंग्रजीत लिहिले आहे की वडिलांचा हात मध्ये आल्यामुळे चार सेकंदांची नोंद वाया गेली, क्षमस्व. तो ई-मेल पाच देशांत सात जणांकडे तारीख-वेळेसह पडून आहे. त्यांपैकी एका वृद्ध गृहस्थांनी तोच तुकडा पावणेदोन तासांनी त्यांच्या देशातून पाहिला होता. त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळतात आणि तसे सहीचे पत्र त्यांनी आपल्या कक्षाला व मला टपालाने पाठवले. त्या पत्राच्या उत्तरादाखल आपल्या कक्षाने मला पत्र पाठवले की, परदेशी व्यक्तींशी संशयास्पद पत्रव्यवहार केल्याबद्दल आपलीही चौकशी का करू नये, याचा खुलासा करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकले होते. इथे संन्याशाची लेकही रांगेत उभी करण्यात आली.

१२. माझा कॅमेरा आपण मार्चमध्ये "संशयास्पद उपकरण" म्हणून घेऊन गेलात. तारखेला आले असता तो मला आपल्या दालनाबाहेर भिंतीवर लावलेला आढळला. तो सायकल स्टँडकडे तोंड करून आहे. नऊशे किलोमीटर उंचीवरचा लोखंडाचा तुकडा ज्याला दिसत होता त्याला आता आपल्या शिपायाची सायकल दिसते. त्याबद्दल माझी स्वतंत्र तक्रार नाही. सायकल तरी सुरक्षित आहे, याचे समाधान आहे.

१३. आता वडिलांबद्दल. ते आठ महिन्यांत एकदाही गच्चीवर आलेले नाहीत. ज्यांचा कापूस जळाला ते आमचेच शेजारी आहेत. रामीबाईंनी मला लहानपणी न्हाऊ घातले आहे. त्यांची बारा क्विंटलची वेचणी त्या गंजीत होती. अहवाल गावात आला त्या दिवशी हँडपंपावर, बायामाणसांसमोर, रामीबाई वडिलांना एवढेच म्हणाल्या, "नागोराव, माह्या कापसाले काहून काडी लावली रे?" शिवी दिली असती तर वडिलांनी सोसली असती. ते घागर तिथेच ठेवून घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी उजव्या हाताला रुमाल गुंडाळला तो आजपर्यंत सोडलेला नाही. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसतात. विहारात वंदनेला सगळे हात जोडतात, तेव्हा हे रुमालातला हात जोडतात. एकोणीस वर्षे त्या हाताची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. लहान मुलांना ते हात दाखवून मोजायला शिकवत आणि तीनवर आले की मुले हसत, तेही हसत. ती लाज आपल्या परिच्छेद ९ ने त्यांना दिली आहे. आता आपल्या कक्षाकडून असे कळते की त्यांच्यावर खटला भरण्याची शिफारस दि. १५ डिसेंबर रोजी पुढे रवाना होणार आहे.

१४. इथपर्यंतचा मजकूर मी दुसऱ्या अर्जातही थोड्याफार फरकाने लिहिला होता. पुढील मजकूर नवीन आहे, तरी कृपया इथे उठू नये.

१५. आपण "सोहळ्यातील व्यक्तींचा प्रकरणाशी संबंध नाही" असे सहीनिशी लिहिल्यामुळे मला कुतूहल वाटले. आपण ४१ मिनिटे इतक्या बारकाईने काय पाहिले असेल? लग्नाच्या धंद्यात मूळ कॅसेट देण्याआधी एक प्रत आपल्याकडे ठेवायची ही रीत आहे, तशी ती माझ्याकडे होती. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी ती लावली. शूटिंग माझेच, पण आम्ही शूटिंगवाले लग्न पाहत नाही, उजेड पाहतो. ते लग्न गेल्या वर्षी मे महिन्यातील, जिनिंगच्या मालकांच्या पुतणीचे. त्यांनी सीडी नेली आणि कॅसेट माझ्याकडेच राहिली. सतराव्या मिनिटाला मालक एका पाहुण्यास फेटा बांधत आहेत. पंचविसाव्या मिनिटाला त्याच पाहुण्यास शाल व श्रीफळ देऊन दोघे एकमेकांना मिठी मारत आहेत. चौतिसाव्या मिनिटाला पंगतीत मालक स्वतः पाहुण्यांना गुलाबजाम वाढत आहेत आणि पाहुणे ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणत तिसरा घेत आहेत. फेट्यामुळे मला पहिल्यांदा ओळख पटली नाही. ताटावर आडवा धरलेला हात आणि त्यावरची अंगठी मात्र मी ओळखली. जबाब घेताना तो हात माझ्यासमोर टेबलावर दीड तास होता. महोदय, ते पाहुणे आपण आहात.

१६. अहवालाच्या पहिल्याच पानावर आपले प्रतिज्ञापन आहे : "चौकशी अधिकाऱ्याचा संबंधित पक्षांशी कोणताही पूर्वपरिचय अथवा हितसंबंध नाही." शेवटच्या पानावर मुद्देमालाची यादी आहे व तीत क्र. ७ समोर आपली सही आहे, की ही कॅसेट मी पाहिली. म्हणजे आपण स्वतःच स्वतःला मालकाच्या हातचे गुलाबजाम खाताना पाहिले आणि ते सरकारी यादीत चढवले. ते फेकून दिले असते तर मी काय करणार होते? पण आपण पंगत संपेपर्यंत बसून राहिलात. इतके आपणांस ते चित्र आवडले. माझ्या शूटिंगची एवढी दखल आजवर कोणत्याही वरपक्षाने घेतलेली नाही. आणि मुद्देमालाला क्रमांक पडला की तो नाहीसा करता येत नाही, हे आपल्याच कक्षाचे कारकून सांगतात.

१७. ही गोष्ट मी वडिलांना सांगितली. मला वाटले होते की ते रुमाल सोडतील. ते म्हणाले, "बाई, जाऊ दे. माह्यं नाव पुसलं म्हंजे झालं. त्या मानसाले बी पोरीबाळी असतीन, त्याले कायले गावापुढं उभं करतं?" मी त्यांच्याशी भांडले. ते मोठ्या मनाचे आहेत आणि धम्माप्रमाणे वागतात. वंदना मीही रोज म्हणते. पण ज्याने माझ्या बापाला भिंतीकडे तोंड करून जेवायला लावले त्याच्या पोरीबाळींचा विचार करण्याइतके माझे मन अजून मोठे झालेले नाही. होईल तेव्हा होईल.

१८. सबब खालीलप्रमाणे मागणी करण्यात येते :

(क) अहवालाचा परिच्छेद ९ आपण स्वतःच्या हस्ताक्षरात रद्द करावा. त्या जागी असे लिहावे की, नागोराव सखाराम मनवर हे दि. १३ फेब्रुवारी २००७ रोजी सायंकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी आपल्या घराच्या गच्चीवर मुलीस उपग्रह दाखवीत होते. "आढळून आले नाही", "सिद्ध होत नाही" असली वाक्ये चालणार नाहीत. "दाखवीत होते" असेच लिहावे.

(ख) ती दुरुस्ती निंबझरीच्या हँडपंपावर, सकाळी पाणी भरायच्या वेळी, आपण स्वतः वाचून दाखवावी. रामीबाईंना कमी ऐकू येते. त्या समोर येईपर्यंत थांबावे.

(ग) खटल्याची शिफारस दि. १५ डिसेंबरपूर्वी मागे घ्यावी आणि गंजीला आग लागली त्या वेळी मालक व उकंडा कोठे होते याची चौकशी अशा अधिकाऱ्याकडे द्यावी, ज्याने त्यांच्या घरचे गुलाबजाम खाल्लेले नाहीत.

१९. आता विषयातील दुसऱ्या भागाबद्दल. रविवार दि. ९ डिसेंबर २००७ रोजी निंबझरीचा बाजार आहे. त्या दिवशी अमावस्या आहे आणि संध्याकाळी लोडशेडिंगही आहे. बाजार उठल्यावर साडेसहा वाजता बाजारओट्यावर माझा मोठा टीव्ही जनरेटरवर लावून मुद्देमाल क्र. ७ ची प्रत पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत दाखविली जाईल. लग्नाची ४१ मिनिटे आधी, आकाशाची बावीस मिनिटे नंतर. कुठेही कापाकापी केलेली नाही. सतराव्या, पंचविसाव्या व चौतिसाव्या मिनिटाला मी चित्र थांबवीन आणि आपल्या अहवालाचे पहिले पान मोठ्याने वाचीन. ध्वनिक्षेपकाची परवानगी मागितलेली नाही. माझा आवाज पुरतो. ज्यांचा कापूस जळाला त्या सत्तावीस घरांना निमंत्रण गेले आहे. मालकांनाही गेले आहे, लग्न त्यांच्याच घरचे आहे. वर्तमानपत्राच्या दोन बातमीदारांनी येतो म्हणून कळवले आहे. आपण यावे. आपल्यासाठी खुर्ची राहील.

२०. आपल्या मनात असे येणे साहजिक आहे की परिच्छेद ९ वेळेत दुरुस्त केला, हँडपंपावर वाचला, शिफारस मागे घेतली, तर दि. ९ चा कार्यक्रम रद्द होईल. आपल्या कक्षातील एका लिपिकाने तसे मला सुचवूनही पाहिले. म्हणून स्पष्ट लिहिते, की यात कोणताही सौदा नाही. दुरुस्ती मी वडिलांसाठी मागते आहे. ती आपण केली तरी कॅसेट दाखविली जाईल, न केली तरी दाखविली जाईल. कॅसेट माझ्यासाठी आहे.

हा अर्ज मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे व एकाच्या सांगण्याविरुद्ध लिहिला आहे.

आपल्या अहवालाची नम्र वाचक,

(सही)
दीपा नागोराव मनवर
निंबझरी, दि. १९ नोव्हेंबर २००७

सोबत जोडले आहे :
१) मुद्देमाल क्र. ७ मधील ७ वाजून १४ मिनिटे ८ सेकंदांच्या चित्राची छापील प्रत.
२) त्याच कॅसेटमधील चौतिसाव्या मिनिटाच्या चित्राची छापील प्रत.
३) दि. १५ फेब्रुवारी २००७ च्या ई-मेलची प्रत व मराठी भाषांतर.
४) परदेशी निरीक्षकाचे सहीचे पत्र.
५) अहवालाच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स.
६) श्री. नागोराव सखाराम मनवर यांचे संमतीपत्र : मागितले होते. त्यांनी दिले नाही. त्याशिवाय अर्ज दाखल करून घ्यावा.